पैस आणि प्रतिमा : प्रवासातील शिल्पास्वादाचे तीन नमुने

1

शिल्प आणि वास्तू या कलांपाशी रसिकाला स्वतः जावे लागते. ग्रंथ हाती येतो, गाणे कानी पडते, चित्र एका भिंतीवरून उतरून दुसऱ्या देशातील भिंतीवर जाते. पण डोंगरात कोरलेले लेणे किंवा दगडी देऊळ आपले ठिकाण सोडत नाही. त्यामुळे या कलांच्या बाबतीत प्रवास हे आस्वादाचे केवळ साधन राहत नाही, ती आस्वादाची पहिली पायरी ठरते. तरीही प्रवासात पाहिलेल्या शिल्पांविषयी जे लेखन होते त्याची चिकित्सा करताना साहित्यसमीक्षा सहसा दोनच प्रश्न विचारते : वर्णन हुबेहूब उतरले आहे काय, आणि लेखकाची माहिती अचूक आहे काय?

तौलनिक साहित्याभ्यासाने याहून सूक्ष्म असे एक साधन घडविले आहे. कलावस्तूचे शब्दांतून केलेले चित्रण, म्हणजेच ‘एक्फ्रासिस’, ही संकल्पना पाश्चात्त्य काव्यविचारात दीर्घकाळ वावरत आली आहे. तिची दोन सर्वपरिचित उदाहरणे म्हणजे होमरच्या महाकाव्यातील अकिलीझची ढाल आणि कीट्सच्या काव्यातील ग्रीक कलश. या दोन्ही उदाहरणांत एक समान गोष्ट आहे, ती अशी की, ढाल आणि कलश या दोन्ही उचलून नेता येण्याजोग्या वस्तू आहेत. त्यांना गाव नाही, वाट नाही, भोवतालची वस्ती नाही. जी संकल्पना अशा बिनठिकाणाच्या वस्तूंवर पोसली, तिच्याकडून लेण्याविषयीच्या किंवा देवळाविषयीच्या लेखनाला पुरता न्याय मिळणे कठीण आहे.

ही उणीव भरून काढणारा एक शब्द मराठीत तयार आहे. तो म्हणजे ‘पैस’. ज्ञानेश्वरीच्या भाषेतला विस्ताराचा, मोकळ्या अवकाशाचा वाचक असलेला हा शब्द दुर्गा भागवतांनी 1970 साली आपल्या ललितनिबंधसंग्रहाला शीर्षक म्हणून दिला. पुढच्याच वर्षी या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. प्रस्तुत निबंधात हा शब्द समीक्षेची संज्ञा म्हणून वापरून पाहिला आहे. पैस म्हणजे शिल्पाभोवतीचा असा अवकाश की ज्यात त्याच्याकडे नेणारी वाट, त्यावर पडणारा प्रकाश, त्याचा वापर करणारी माणसे आणि त्याला चिकटलेली स्मृती या साऱ्यांचा समावेश होतो. ऑग्यूस्त रोदँ, ओक्ताव्हियो पाझ आणि दुर्गा भागवत या तिघांच्या लेखनाकडे या दृष्टीने पाहिले असता काय हाती लागते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

2

रोदँने भारत कधी पाहिला नाही. चेन्नईच्या, म्हणजे तेव्हाच्या मद्रासच्या, संग्रहालयातील चोळकालीन नटराजाची छायाचित्रे व्हिक्टर गोलुब्येव यांच्याकडून त्याच्यापर्यंत पोचली आणि त्यांवरून 1913च्या सुमारास त्याने काही टिपणे लिहिली. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1921 साली, ती ‘आर्स आझिआतिका’ या फ्रेंच मालिकेच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध झाली. आनंद कुमारस्वामी आणि ई. बी. हॅवेल हे त्या खंडातील त्याचे सहलेखक होते.

ही टिपणे म्हणजे सुसंगत निबंध नव्हे. छायाचित्र बदलते, कोन बदलतो, आणि लेखकाची नजर मूर्तीच्या दुसऱ्या अवयवावर स्थिरावते. मुखावरील सावली, हातांची लय, पायांतला तोल यांविषयी मूर्तिकाराच्या नजरेने तो बोलतो आणि तुलनेसाठी मेदिचीच्या व्हीनसला पाचारण करतो. शैवागम, तांडवाचा तत्त्वार्थ, पंचकृत्ये यांपैकी कशाचीही त्याला गरज भासत नाही. भारतीय मूर्तींच्या अनेक हातांना राक्षसी ठरविणाऱ्या जुन्या युरोपीय प्रवासवर्णनांच्या पार्श्वभूमीवर ही टिपणे ठेवली म्हणजे त्यांचे महत्त्व ध्यानात येते. प्रत्यक्ष येऊन गेलेल्या कित्येकांना जे दिसले नव्हते ते न आलेल्या रोदँला दिसले. प्रवास केला म्हणजे पाहणे घडतेच असे नाही, हा या उदाहरणाचा पहिला धडा आहे.

पण त्याला नेमके काय दिसले? चोळांचे हे कांस्य नटराज उत्सवमूर्ती म्हणून घडविलेले असतात. मिरवणुकीत दांड्यांवर वाहून नेता यावे अशी सोय त्यांच्या पीठात केलेली असते. उत्सवात ती मूर्ती वस्त्रांनी, अलंकारांनी आणि फुलांच्या माळांनी झाकलेली असते. भक्ताला बहुधा मुख दिसते, हात दिसतात, आणि दिव्यांच्या उजेडात हलत जाणारी एक आकृती दिसते. म्हणजे येथे प्रवास देवच करतो आणि पाहणारा रस्त्याच्या कडेला उभा असतो. संग्रहालयाने ही मूर्ती थांबविली, तिच्यावरील वस्त्रे उतरविली आणि छायाचित्राने ती कागदावर आणली. रोदँने ज्या देहलयीचे गुणगान केले ती पूर्णांशाने दृश्यमान झाली ती या दोन क्रियांनंतर. त्याचा आस्वाद खोटा नव्हे. मात्र तो मूर्ती तिच्या पैसापासून सुटी झाल्यामुळे शक्य झालेला आस्वाद आहे.

याच लेखकाचे ‘फ्रान्समधील कॅथीड्रले’ हे पुस्तक 1914 साली आले. त्यात मात्र तो स्वतः गावोगाव हिंडतो. प्रहर बदलला की वास्तू बदलते, हे तो टिपतो. ऱ्हँसचे कॅथीड्रल तर त्याने रात्रीच्या अंधारातही न्याहाळले आहे. फ्रान्सचा निसर्ग, तेथील माणसे आणि ही वास्तू यांना तो एकमेकांपासून तोडत नाही, आणि जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुना दगड घासून गुळगुळीत करणाऱ्यांवर संतापतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महायुद्धातील तोफगोळ्यांनी ऱ्हँसचे कॅथीड्रल होरपळले, आणि त्या पुस्तकाला लेखकाच्या मनात नसलेला एक अर्थ प्राप्त झाला. एकाच रसिकाची ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की फरक उघड होतो. नटराजाच्या टिपणांत रूप आहे, पैस नाही. कॅथीड्रलांच्या पुस्तकात रूप पैसासह येते, कारण तेथे लेखकाचे पाय चाललेले आहेत.

3

पाझ यांची गोष्ट वेगळी. मेक्सिकोच्या वकिलातीतील कनिष्ठ अधिकारी म्हणून ते 1951 साली प्रथम भारतात आले. पुढे 1962 पासून 1968 पर्यंत राजदूत म्हणून दिल्लीत राहिले. 2 ऑक्टोबर 1968 रोजी मेक्सिको शहरातील त्लातेलोल्को येथे विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि त्याच्या निषेधार्थ त्यांनी पद सोडले. 1969 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लादेरा एस्ते’ या संग्रहात घारापुरीवर त्यांची एक कविता आहे. तिच्या शीर्षकातच रविवारचा उल्लेख आहे, आणि हा वार निर्हेतुक नाही.

कवितेचे दोन भाग आहेत. पहिला शापाचा, दुसरा आवाहनाचा. पहिल्या भागात भग्न शिल्पांच्या पायथ्याशी सुटीच्या गर्दीने टाकलेला कचरा आहे. मूर्ती फोडणारे जुने आक्रमक आणि रविवारची सहल करणारे आजचे लोक यांना कवी एकाच शापात गुंफतो. दुसऱ्या भागात स्वर पालटतो आणि शिव-पार्वतीला उद्देशून आवाहन सुरू होते. या दैवतांकडे कवी भक्त म्हणून पाहत नाही. माणसातील दिव्यत्वाची प्रतिमा म्हणून पाहतो.

या रचनेचा अर्थ लावण्यासाठी ज्या ठिकाणी ती घडते त्या लेण्याकडे वळले पाहिजे. घारापुरीच्या मुख्य लेण्याला बाह्यरूप जवळपास नाहीच. दगड रचून ही वास्तू उभी राहिलेली नाही. डोंगरातून दगड काढून टाकल्यावर जे उरले ते लेणे. सहाव्या शतकाच्या मध्यास कोरलेल्या या लेण्याला उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उजेड मिळतो. आजचा प्रवासी उत्तरेकडून शिरतो. प्रवेशापाशीच एका हाताला नटराज, दुसऱ्या हाताला योगीश्वर. पुढे खांबांच्या रांगांमधून दक्षिणेकडे चालत गेले की अंधारातून हळूहळू साडेपाच मीटर उंचीचा सदाशिव आकार घेऊ लागतो. त्याच्या एका बाजूस अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूस गंगाधर. पण लेण्याला दुसराही एक अक्ष आहे, पूर्व-पश्चिम. त्या अक्षावर चार दारांचे, द्वारपालांनी राखलेले लिंगाचे गर्भगृह आहे. उत्तरेकडून सरळ सदाशिवाकडे जाणाऱ्या प्रवाशाच्या उजव्या हाताला ते राहून जाते. सदाशिव हा पाहण्याचा शेवट आहे; लिंग हे पूजेचे केंद्र आहे. रूप आणि अरूप यांच्यामध्ये चालणाऱ्याला आपली दिशा निवडावी लागते, आणि ही निवड छायाचित्रात दिसत नाही.

चालण्याच्या क्रमामुळेच येथील शिल्पपटांना परस्परसंबंध लाभतो. पश्चिमेच्या बाजूला अंधकासुराचा वध आणि शिव-पार्वतीचा विवाह समोरासमोर आहेत; पूर्वेच्या बाजूला कैलासावर बसलेले दांपत्य आणि तोच कैलास हलवू पाहणारा रावण. क्रोध आणि कल्याण, स्थैर्य आणि धक्का यांच्या जोड्या पाहणाऱ्याच्या वळण्यातून जुळतात. मग मधल्या मूर्तीच्या तीन मुखांत, उग्र अघोर आणि कोमल वामदेव यांच्या मधोमध मिटल्या डोळ्यांचा तत्पुरुष, त्याच जोड्या एकत्र आलेल्या दिसतात. या मूर्तीला प्रवाशांनी दीर्घकाळ ब्रह्मा-विष्णू-महेशांची ‘त्रिमूर्ती’ म्हटले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टी. ए. गोपीनाथ राव यांच्या मूर्तिशास्त्रीय अभ्यासाने ही महेशमूर्ती असल्याचे दाखवून दिले, आणि 1946 साली स्टेला क्रामरिश यांनी तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. तरीही जुने नाव प्रवाशांच्या तोंडून गेलेले नाही. एका जागी उभे राहून तीन तोंडे मोजली की त्रिमूर्ती दिसते; लेणे चालून मूर्तीपाशी आले की एकाच शिवाची अनेक रूपे दिसतात. येथे चुकीचे नाव हे चुकीच्या उभे राहण्यातून निर्माण झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

पाझ यांच्या कवितेचे सामर्थ्य असे की, शिल्पाचे ठिकाण ती विसरत नाही. कावळे, कुत्री, कचरा, रविवार हे सारे तिच्यात आहे. पण हे सारे शापाच्या भागात आहे. आवाहन सुरू होण्यापूर्वी कवीला लेणे रिकामे करावे लागते. त्याच्या संतापात शिल्पांविषयीचे प्रेम आहे यात शंका नाही, आणि शिल्पांपाशी केलेल्या घाणीचे समर्थन कोणीही करणार नाही. प्रश्न दुसराच आहे. मूर्ती फोडणारा आणि मूर्तीपाशी शिदोरी सोडणारा यांना एकाच पातकाचे धनी ठरविताना कवितेने गर्दीचे स्वरूप ओळखले आहे काय?

मराठीत ‘यात्रा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. माणूस यात्रेला जातो, आणि देवळापाशी यात्रा भरते. एकाच शब्दात जाणेही आहे आणि जमणेही. यात्रेत देवदर्शन, नवस, दुकाने, पाळणे, झाडाखाली सोडलेली भाकरी हे सारे एकाच दिवसाचे भाग असतात. महाशिवरात्रीला घारापुरीला जाणारा भाविक आणि रविवारी मुलाबाळांना घेऊन लाँचने जाणारे मुंबईतील कुटुंब यांच्यात अंतर आहे. पण ते वाटते तेवढे नाही. दोघेही एकटे जात नाहीत. देवापुढे एकांत हवाच, ही अपेक्षा या भूमीतील दर्शनाच्या रीतीतून आलेली नाही. संग्रहालयात किंवा अभ्यासिकेत घडलेल्या रसिकाची ती अपेक्षा आहे. पाझ यांनी लेण्याचा पैस ओळखला, पण त्यातील माणसांना बाहेर काढून.

पैस तुटल्यावर काय उरते, याचे उदाहरण घारापुरीनेच देऊन ठेवले आहे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले तो हत्ती आज बेटावर नाही. 1864 साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून 1914च्या सुमारास पुन्हा जोडण्यात आले. आज तो भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या परिसरात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. हत्ती शाबूत दिसतो. पण बंदरावर उतरणाऱ्याला सामोरे येणे हे जे त्याचे कार्य होते ते संपले. नाव बेटावर राहिले आणि नाव देणारा शहरात आला.

4

या दोन परदेशी नमुन्यांच्या तुलनेत दुर्गा भागवतांचे उदाहरण पाहिले की प्रथम आश्चर्य वाटते. ‘पैस’च्या शीर्षकनिबंधाचा विषय शिल्प म्हणावे असा नाहीच. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे येथे एक दगडी खांब आहे. त्याच्यावर एक जुना कोरीव लेख आहे, पण डोळ्यांत भरावे असे कोरीवकाम नाही. ज्ञानेश्वरांनी 1290 साली याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे आणि लोक त्याला पैसाचा खांब म्हणतात. ज्या देवळाचा तो भाग होता ते देवळही उरलेले नाही. आज खांबाभोवती उभी असलेली वास्तू नंतरची.

पाहण्यासारखे इतके थोडे असताना निबंध उभा राहतो तो खांबाच्या भोवतालावर. एक साधा दगड, त्याला टेकलेली एक पाठ, आणि त्या टेकण्यातून सुरू झालेले मराठी भाषेतले महान काव्य. खांब जागचा हलत नाही. विस्तारत जातो तो त्याच्याभोवतीचा अवकाश. पाझ यांच्या कवितेत माणसे शिल्पाचे पावित्र्य बिघडवितात. येथे दगडाला मोल आले तेच माणूस त्याला टेकला म्हणून. वापर ही येथे विटाळणारी गोष्ट नाही, अर्थ देणारी गोष्ट आहे. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक असलेल्या लेखिकेला ही दृष्टी सहज लाभली असावी, असा तर्क करता येतो.

मात्र या निबंधाचे गुण सांगून थांबणे म्हणजे मराठी समीक्षेने स्वतःची सोय पाहणे होईल. येथे पैस आहे, पण रूप नाही. खांब साधा असल्यामुळे रूपाचा प्रश्न लेखिकेपुढे आलाच नाही, हे तिच्यापुरते खरे. परंतु मराठीतील बऱ्याचशा प्रवासलेखनात अलंकृत शिल्पांसमोरही हेच घडते. मूर्तीसमोर उभा राहिलेला लेखक लगेच इतिहासात शिरतो, राजांची नावे घेतो, अभिमानाने किंवा खंतेने भरून येतो. दगड आठवणीला टांगण्याची खुंटी होतो. मूर्तीच्या मानेचा बाक, गुडघ्यातला तोल, दोन आकृतींमधील मोकळी जागा याविषयी तो चार वाक्येही लिहीत नाही. स्मृती इतकी तयार असते की डोळ्यांना काम उरत नाही. आणखी एक मर्यादा आहे. ज्ञानेश्वरीशी ज्याचा परिचय नाही अशा वाचकापुढे नेवाशाचा खांब किती विस्तारेल? स्मृतीवर उभा असलेला पैस त्या स्मृतीच्या भाषेबाहेर आकसतो. रोदँजवळ ही स्मृती नव्हती, आणि म्हणूनच त्याला मूर्तीकडे पाहावे लागले. अनभिज्ञतेचेही एक देणे असते, ते नाकारता येत नाही.

5

पैस ही संज्ञा वॉल्टर बेंजामिनच्या ‘ऑरा’ या सुपरिचित संकल्पनेचे केवळ देशी नाव आहे, असा आक्षेप येथे संभवतो. 1930च्या दशकातील आपल्या निबंधात बेंजामिनने म्हटले ते असे की, कलाकृतीला तिच्या एकमेव अस्तित्वामुळे, विशिष्ट स्थळी आणि काळी असण्यामुळे एक वलय लाभते आणि यांत्रिक पुनरुत्पादनाने ते विरते. रोदँपुढील छायाचित्रांना हे विवेचन लागू पडते. पण वलय आणि पैस यांच्यात एक मूलभूत भेद आहे. वलयाचा आधार दूरत्व आहे. वस्तू कितीही जवळ असली तरी ती दूर भासते, आणि तिला जवळ ओढू पाहणाऱ्या समूहाच्या ओढीने वलय ओसरते. पैसाचा आधार सान्निध्य आहे. दगडाला टेकल्याने, त्याच्याभोवती फिरल्याने, त्याच्यापाशी जमल्याने तो वाढतो. एक संकल्पना समूहाच्या जवळिकीत ऱ्हास पाहते, दुसरी तिच्यातच वृद्धी पाहते. पाझ यांची कविता वलयाच्या बाजूने बोलते, भागवतांचा निबंध पैसाच्या बाजूने. आणि त्यांच्यातील विरोध हा दोन व्यक्तींच्या आवडीनिवडींचा नसून दर्शनाच्या दोन रीतींचा आहे.

हा भेद केवळ परिभाषेचा नाही. शिल्पांवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. घारापुरीचा समावेश 1987 साली जागतिक वारशाच्या यादीत झाला. संरक्षित वारसास्थळांवर कठडे, तिकिटे आणि वेळा आल्या आणि त्या आवश्यकच होत्या; कारण हजारो हातांच्या स्पर्शाने झिजणारा दगड पैसाच्या नावाखाली झिजू देता येणार नाही. परतीच्या लाँचच्या वेळेमुळे आजच्या प्रवाशाला सांजवेळच्या लेण्याला मुकावे लागते, तेही अपरिहार्य मानता येईल. पण जतनाची गरज मान्य करणे वेगळे आणि गर्दीला आस्वादाची शत्रू मानणे वेगळे. पहिली व्यवस्थेची बाब आहे. दुसरा एक साहित्यिक संकेत आहे. एकांतात शिल्पासमोर उभा असलेला संवेदनशील प्रवासी हे चित्र प्रवासलेखनाने इतक्या वेळा रंगविले आहे की ते स्वाभाविक वाटू लागले. समीक्षेचे काम हा संकेत संकेत म्हणून ओळखण्याचे आहे.

तिन्ही नमुने मिळून काय सुचवितात? रोदँच्या टिपणांत रूप आहे, पण वाट नाही. पाझ यांच्या कवितेत रूप आणि वाट दोन्ही आहेत. सहप्रवासी मात्र बहिष्कृत आहेत. भागवतांच्या निबंधात वाट आणि माणूस आहेत, रूपाची कसोटी लागलेली नाही. यांपैकी एकाला आदर्श ठरवून इतरांना उणे लेखण्यात अर्थ नाही. प्रवासातील शिल्पास्वादाच्या लेखनाला तीन प्रश्न विचारता येतात, एवढे या तुलनेतून निश्चित होते : शिल्पाच्या देहाकडे पाहिले आहे काय, तेथवरच्या चालण्याचा हिशेब ठेवला आहे काय, आणि त्याच जागी उभ्या असलेल्या इतरांना जागा दिली आहे काय? पहिला प्रश्न मराठी लेखनाने रोदँकडून घ्यावा. तिसरा प्रश्न मात्र भारतीय भाषांनी तौलनिक अभ्यासापुढे ठेवावयाचा आहे. उत्तरेच्या दाराने शिरून, गर्दीतून वाट काढीत, उजवीकडचे गर्भगृह न चुकविता सदाशिवापर्यंत पोचणारे आणि त्या गर्दीलाही आपल्या वाक्यांत घेणारे गद्य लिहिले गेले, तर पैस या शब्दाला समीक्षेतही काम मिळेल.